एकाच दाईखालची पिल्ले : गिनी कोंबड्यांचा दांडगेपणा व त्याचा बंदोबस्त

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला व १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून हवेली, मावळ व खेड तालुक्यांतील या पट्ट्याचे रूप पालटत गेले. भोसरी, चिखली, मोशी, कुरुळी, महाळुंगे व चाकण या गावांत शेते आखूड झाली, परंतु परसातील कोंबड्या गेल्या नाहीत. घरामागची चार-पाच गुंठे जागा, एक पत्र्याचे खुराडे व दहा-वीस पक्षी एवढ्यावर घरातील स्त्रीच्या हाती अंड्यांचे पैसे खेळतात. अशा परसात गिनी कोंबडीही पाळता येते. हा पक्षी मूळचा आफ्रिकेतील. तो काटक आहे, किडे वेचून खातो आणि परके माणूस किंवा सर्प दिसताच गिल्ला करून घर जागे करतो. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी हे याचे सुधारित वाण तयार केले आहेत.

तथापि या पक्ष्याविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. कोंबडीच्या पिल्लांबरोबर लहानाची मोठी झालेली गिनीची पिल्ले दोन महिने गुण्यागोविंदाने राहतात आणि पुढे एकाएकी कोंबड्यांवर उठतात. कोंबडा पळून पळून थकतो, त्याच्या पाठीची पिसे उपटली जातात, तलंगा खाद्यापाशी येईनाशा होतात व अंड्यावर येण्यास उशीर करतात. पालक वैतागून सर्व गिनी विकून टाकतो. हा उपाय बहुधा अनावश्यक असतो. दोष पक्ष्याच्या जातीत कमी व मांडणीत अधिक असतो, आणि मांडणी सुधारणे आपल्या हाती आहे.

भांडण कशामुळे होते ?

गिनी कोंबडी हा कळपाने राहणारा पक्षी आहे. कळपात वरचढ कोण व दुय्यम कोण हे पक्षी वाढीच्या वयात परस्परांत ठरवितात. कोंबड्यांमध्येही असा क्रम असतो. परंतु दोहोंची रीत भिन्न आहे. दोन कोंबडे समोरासमोर उभे राहतात, झेप घेतात आणि एकाने मान खाली घालून माघार घेतली की बहुधा तेथेच प्रकरण मिटते. गिनी मात्र मागून धावत येऊन शेपटीची किंवा पाठीची पिसे धरतो आणि पळणाऱ्याचा पाठलाग बराच वेळ सोडीत नाही. कोंबड्याची माघार त्याला थांबवीत नाही. म्हणून कोंबडा अंगाने जड असूनही हरतो. एका दाईखाली वाढल्याने ओळख होते, परंतु स्वभाव एक होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

साधारणपणे १० ते १६ आठवड्यांच्या वयात या दांडगेपणास आरंभ होतो. पुढे अंड्यांच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळाअखेरपर्यंत, नर अधिक तापट होतात. दाटी, खाद्याच्या भांड्यांची कमतरता, प्रथिनांची उणीव, तापलेल्या पत्र्याखालील उष्मा आणि प्रखर उजेड या कारणांनी भांडण वाढते.

जागेचा व भांड्यांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. एका घरी १२ गिनी व ८ कोंबड्या अशी २० पिल्ले ५ फूट रुंद व ६ फूट लांब खुराड्यात ठेवली. एकूण जागा ३० चौरस फूट झाली. पहिल्या महिन्यात दर पिल्लास अर्धा चौरस फूट पुरतो, म्हणजे १० चौरस फुटांतच काम भागते. १२ आठवड्यांपर्यंत दर पक्ष्यास १ चौरस फूट धरला तरी २० चौरस फूट लागतात. अद्याप तोटा नाही. परंतु पूर्ण वाढलेल्या पक्ष्यास सुमारे ३ चौरस फूट हवे, म्हणजे ६० चौरस फूट. खुराडे तेच राहिले व पक्षी दुप्पट जागा मागू लागले.

खाद्याच्या भांड्याचेही तसेच आहे. २ फूट लांबीचे भांडे दोन्ही बाजूंनी ४८ इंच होते. तीन महिन्यांच्या पक्ष्यास ३ इंच धरल्यास एका वेळी १६ पक्षी खातात व ४ उभे राहतात. हे चार कोण असतात, हे सांगावयास नको. ज्यांना हुसकले जाते तेच. जे तंटे स्वभावाचे वाटतात, त्यांतील पुष्कळसे या चार रिकाम्या पोटांचे असतात.

यास्तव पिल्ले ८ आठवड्यांची होण्यापूर्वीच जागा वाढवावी आणि एका मोठ्या भांड्याऐवजी दोन-तीन लहान भांडी एकमेकांपासून दूर, शक्य तर आडोशाने ठेवावीत. पाण्याचेही तसेच करावे. एक गिनी एका वेळी एकच भांडे अडवू शकतो.

लहानपणापासून घ्यावयाची काळजी

१. खुडूक कोंबडीखाली दोन्ही अंडी उबवावयाची असल्यास गिनीची अंडी आधी ठेवावीत. त्यांना २६ ते २८ दिवस लागतात व कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस. म्हणून कोंबडीची अंडी सुमारे ६-७ दिवसांनी ठेवावीत. पिल्ले समवयस्क असली की लहान-मोठ्यांतील मारामारी टळते.

२. गिनीच्या पिल्लांस पहिले चार-पाच आठवडे २४ ते २६ टक्के प्रथिनांचे खाद्य लागते. कोंबडीच्या पिल्लांचे नेहमीचे खाद्य त्यांना कमी पडते आणि प्रथिने कमी पडलेली पिल्ले एकमेकांची पिसे टोचू लागतात. अंड्यावरील कोंबड्यांचे चुनायुक्त खाद्य लहान पिल्लांस देऊ नये.

३. पहिल्या आठवड्यात दाईखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब ठेवावी व दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावी. पिल्ले दाईपासून दूर पळून धापा टाकू लागली तर ऊब जास्त आहे असे समजावे. उकाड्याने पिसे टोचण्याची खोड लागते.

४. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. खाली भाताच्या तुसाची गादी करावी. पाण्याचे भांडे उथळ ठेवून त्यात खडे टाकावेत, अन्यथा पिल्ले बुडून मरतात.

५. एकटा-दुकटा गिनी कोंबड्यांत ठेवू नये. पाच-सहांचा कळप असला की त्यांची धावाधाव बरीचशी आपसातच होते.

नर ओळखणे व त्यांची संख्या कमी करणे

पिसांवरून गिनीचे नर-मादी ओळखता येत नाहीत. सुमारे दोन महिन्यांनंतर आवाजावर लक्ष ठेवावे. मादी दोन स्वरांची हाक देते. नर एकस्वरीच ओरडतो. मादीही कधी एकस्वरी ओरडते, म्हणून ज्याच्या गळ्यातून द्विस्वरी हाक एकदाही ऐकू येईल तो पक्षी मादी समजावा व त्याच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा. पुढे नराच्या चोचीखालील मांसल पाळ्या अधिक मोठ्या दिसतात. चार-पाच माद्यांस एक नर पुरे. जादा नर हंगामापूर्वीच वेगळे करावेत किंवा विकावेत.

दांडगेपणा सुरू झाल्यास

प्रथम अर्धा तास दूर बसून पाहावे. बहुधा एक-दोन पक्षीच आरंभ करतात व बाकीचे त्यांच्यामागे धावतात. त्या म्होरक्यास रात्री अंधारात पकडावे, कारण अंधारात गिनी शांत असतो. पाय धरून पकडू नये. पाय नाजूक असतात व दुखावतात. दोन्ही हातांनी पंखांसह अंग धरावे. त्यास जाळीच्या वेगळ्या खणात, इतरांस दिसेल असे, चार ते सात दिवस ठेवावे व संध्याकाळी परत सोडावे. पुन्हा तेच आढळल्यास त्यास कायमचे वेगळे करावे.

अंगणात गवताच्या पेंढ्या, तुराट्यांचे कूड किंवा आडवी फळी यांचे तीन-चार आडोसे उभारावेत. पाठलाग होत असलेला पक्षी नजरेआड झाला की पाठलाग तुटतो. कोनाकोपरा मात्र बंद नसावा. आडोशास दोन्हीकडून वाट असावी. रात्री बसण्यासाठी गिनीस उंच दांडा व कोंबड्यांस खालचा दांडा द्यावा. शक्य असल्यास मध्ये जाळी घालून खुराड्याचे दोन खण करावेत. दिवसा मोकळ्यावर एकत्र व रात्री वेगळे, ही मांडणी लहान परसासही परवडते.

या भागात कारखान्यांच्या लाकडी पेट्या स्वस्तात मिळतात व त्यांचे खण चांगले होतात. मात्र खिळे काढून घ्यावेत आणि तेलाचा, रंगाचा किंवा रसायनाचा वास येणारे लाकूड वापरू नये. पत्र्यावर पाचट किंवा गवत पसरावे.

रक्त निघालेला पक्षी क्षणभरही कळपात ठेवू नये. लाल रंग दिसताच इतर पक्षी त्याच जागी टोचतात व पक्षी दगावतो. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवावी, हळद लावावी आणि खोल जखमेसाठी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. खपली धरून पिसे फुटू लागेपर्यंत पक्षी वेगळा ठेवावा.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गिनीची पिल्ले देताना केवळ पिल्ले देऊन थांबू नये. खुराड्याचे माप घ्यावे, पक्ष्यांच्या संख्येने भागावे व उत्तर पालकास दाखवावे. पिल्ले आठ आठवड्यांची होतील तेव्हा पुन्हा भेट द्यावी. या भेटीचा उपयोग पुढील दहा भेटींहून अधिक होतो. ज्या घरी जागा वाढविणे अशक्य असेल, तेथे कोंबड्या किंवा गिनी यांपैकी एकच पाळण्याचा सल्ला स्पष्टपणे द्यावा. ज्या घरी जागा, भांडी व नरांची संख्या वेळीच सांभाळली जाते, तेथे गिनीचा पहारा व कोंबड्यांची अंडी हे दोन्ही लाभ एकाच परसात घेता येतात.