किशोरवयीन मुलांचे नैराश्य शाळेत रोखता येते का?

येते, पण वर्षातून एखादे व्याख्यान ठेवून नाही. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत हे तपासले. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, स्पर्धा आणि गरजूंना समुपदेशन असा एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या समुपदेशकाने, तर काहींत शिक्षकाने राबवला. उरलेल्या शाळांत तो नव्हता.

निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशकांच्या शाळांत नववीच्या मुलांमधील नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी घटली. शिक्षकांच्या शाळांत फारसा फरक पडला नाही. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. म्हणजे कार्यक्रम चांगला असून भागत नाही; तो कोणावर सोपवला, हेही तितकेच महत्त्वाचे ठरते.