शस्त्र कायद्याचा मागोवा : शिक्षा वाढली, देखरेख राहिली

भारतातील शस्त्रविषयक कायद्याचा उगम नागरिकांच्या सुरक्षिततेच्या विचारात नव्हे, तर परकीय सत्तेला वाटणाऱ्या भीतीत आहे. १८५७ च्या उठावाने सावध झालेल्या ब्रिटिश सरकारने लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ साली, जो शस्त्र कायदा केला, त्याने भारतीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली आणि युरोपियनांना मात्र मोकळे ठेवले. हा भेद लोकांच्या जिव्हारी लागला; त्यामुळेच काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला.

हीच मागणी ह. वि. कामत यांनी संविधान सभेत दुरुस्तीच्या रूपाने मांडली, तेव्हा, डिसेंबर १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. देशाची परिस्थिती पाहता प्रत्येक नागरिकाला असा हक्क देणे इष्ट नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता, आणि दुरुस्ती फेटाळली गेली. या निर्णयाचे मोल फार मोठे आहे, कारण त्यामुळे भारतात बंदूक हा हक्क न ठरता शासनाने विचारपूर्वक द्यावयाची परवानगी ठरली आणि अमेरिकेतील कायदेमंडळांच्या वाटेत उभा राहणारा घटनात्मक अडसर येथे कधी उभाच राहिला नाही.

एवढी मोकळीक असूनही तिचा पुरेसा उपयोग झाला नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला; १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवर आणली, पण त्याच दुरुस्तीने पोलिसांचा चौकशी अहवाल मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता अर्जावर निर्णय घेण्याची मुभाही परवाना अधिकाऱ्यास दिली. प्रतिबंधित शस्त्रांच्या, म्हणजे मुख्यतः घोडा दाबून धरताच गोळ्या सुटत राहणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांच्या, वापराने मृत्यू घडल्यास फाशी अनिवार्य करणारी १९८८ ची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली, विनापरवाना निर्मिती आणि विक्रीसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली आणि लग्नसमारंभात आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. परवानाधारकाची मनःस्थिती, त्याचे वैर, त्याच्यावरील गुन्हे यांची फेरतपासणी ज्या नूतनीकरणाच्या वेळी व्हायची, ते नूतनीकरणच लांबवणे ही या दुरुस्तीतील गंभीर चूक होय.

देखरेखीतील अशा ढिलाईची किंमत मुंबईने मोजली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर येथे समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान एका माजी नगरसेवकाची हत्या झाली. पोलिसांच्या सांगण्यानुसार त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याचे नव्हते, तर त्याच्या अंगरक्षकाच्या नावे उत्तर प्रदेशातून मिळालेल्या परवान्यावरचे होते. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी २०१६ चे शस्त्र नियम अर्जदाराकडून घेतात, परंतु परवान्याच्या अटींचा भंग केल्यास, त्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल तर, अधिनियमाचे कलम ३० केवळ सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड, अथवा दोन्ही सांगते. एवढ्या धाकाने कोणी कपाटाला कुलूप लावेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

परवाना हा प्रश्नाचा एकच भाग आहे, कारण देशात जप्त होणाऱ्या अग्निशस्त्रांत विनापरवाना शस्त्रांचे प्रमाण फार मोठे आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीचे नाव गावठी कट्ट्यांच्या कारवायांत वारंवार येते आणि तेथून आलेली शस्त्रे महाराष्ट्रात पकडली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रसाराची स्वतःहून दखल घेतली, ती याच चिंतेपोटी. तथापि कट्टा भट्टीवर घडवता आला, तरी त्यातले काडतूस बहुधा कारखान्यातलेच लागते आणि ते अनेकदा परवानाधारक किंवा विक्रेत्याच्या साठ्यातून गळते. म्हणून पोलिस अहवालावाचून परवाना देण्याची मुभा काढून टाकणे, फेरतपासणी दरवर्षी करणे आणि निष्काळजी साठवणुकीस खरी शिक्षा ठेवणे यांबरोबरच विकल्या गेलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब रिकाम्या पुंगळीपर्यंत मागण्याचे बंधन खुद्द अधिनियमातच असले पाहिजे.