चहात साखर? छे, रास्पबेरी!

ऑफिसमधल्या मशीनचा चहा आपण दिवसातून तीनदा घशाखाली ढकलतो. बटण दाबलं, कप भरला, साखर त्यातच! गोड किती हवं, हे मशीन ठरवणार. रशियात मात्र चहा कडक, काळा, बिनदुधाचा. शेजारी काचेची एक इवलीशी बशी. तिला म्हणतात ‘रोझेतका’. त्या बशीत लालभडक, चकाकणाऱ्या पाकात बुडालेली अख्खी फळं. चमचाभर फळ तोंडात, त्यावर गरम चहाचा घोट. नाव आहे ‘वारेन्ये’.

रशियन भाषेत ‘वारित’ म्हणजे शिजवणं. त्यावरून वारेन्ये. नाव इतकं साधं, पण त्यापायी घराघरांत भांडणं झालीत, दुकानांसमोर रांगा लागल्यात, आणि एका गोष्टीतल्या पोराने तर आपल्याच माणसांशी गद्दारी केली आहे!

जॅम नव्हे बरं का!

वारेन्येला जॅम म्हटलं तर रशियन आजी नक्की नाक मुरडेल. जॅममध्ये फळाचा लगदा होतो, तो ब्रेडवर फासता येतो. वारेन्येत फळ फळासारखं दिसायला हवं. स्ट्रॉबेरी अख्खी, चेरी टपोरी, आणि पाक असा पारदर्शक की बरणी खिडकीत धरली तर उजेड आरपार यावा. आपल्याकडचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो मुरांबा. आंब्याची फोड पाकात मुरलेली असते, मोडलेली नसते. अगदी तसंच.

एक गंमत. वारेन्ये चहात ढवळायचं की वेगळं खायचं? जपानमध्ये ‘रशियन टी’ मागितला की काळा चहा आणि जॅम येतो. रशियात काहीजण चमचाभर वारेन्ये कपात टाकतात, पण बशीतून वेगळं खाण्याची पद्धत जुनी. चहा कसा गोड करायचा, याला रशियन भाषेत खास शब्दच आहेत. साखर कपात टाकली तर ‘व्नाक्लाद्कू’, खडा दाताखाली धरून चहा प्यायलात तर ‘व्प्रिकूस्कू’. आणि खिसा रिकामा असेल तर ‘व्प्रिग्ल्याद्कू’, म्हणजे साखरेकडे नुसतं बघत बघत प्यायचा! हा अर्थातच विनोद, पण साखर महाग असलेल्या देशातला.

सगळे रस्ते तुलाकडे

चहा रशियात पोहोचला सतराव्या शतकात. 1638 मध्ये मंगोल खानाने झारला भेट म्हणून पाठवला, असं सांगतात. पुढे चीनच्या सीमेवरच्या क्याख्ता गावातून उंटांचे तांडे चहा घेऊन निघायचे. मजल-दरमजल करत आलेला चहा स्वस्त कसा असणार? साखरही बाहेरूनच यायची. म्हणून आधी फळं शिजायची ती मधात.

चित्र बदललं मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या तुला प्रांतात. तुला शहरात 1778 मध्ये लिसित्सिन बंधूंनी सामोवार बनवायला सुरुवात केली, आणि पुढे हे शहर सामोवारांची राजधानीच झालं. त्याच प्रांतातल्या अल्याब्येवो गावात 1802 मध्ये बीटपासून साखर काढणारा रशियातला पहिला कारखाना सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात बीटची साखर पसरत गेली, भाव उतरत गेले, आणि वारेन्येची बरणी सरदारांच्या टेबलावरून साध्या घरांत आली. एलेना मोलोखोवेत्सचं गाजलेलं पाककृतींचं पुस्तक आलं 1861 मध्ये. त्यातही वारेन्येची चांगलीच हजेरी आहे.

पाण्यावरून पेटलेलं भांडण

‘अॅना कॅरेनिना’ वाचली असेल तर आठवेल. नसेल, तर टॉलस्टॉयच्या या जाडजूड कादंबरीत एक मस्त किचन पॉलिटिक्स आहे. लेविनच्या घरात वर्षानुवर्षं त्याची जुनी घरकारभारीण आगाफ्या मिखायलोव्ना वारेन्ये करते, फळात पाणी घालून. लग्नानंतर बायको किटी येते, तिच्यामागून तिची आई येते, आणि सासूबाईंची पद्धत निघते बिनपाण्याची! आगाफ्या गुपचूप आपल्याच पद्धतीने स्ट्रॉबेरी शिजवते आणि पकडली जाते. मग काय, गच्चीवर सगळ्यांच्या देखत रास्पबेरी शिजवायची शिक्षा. बिचारी रागाने धुमसत भांडं हलवत राहते.

भांडण पाण्याचं दिसतं, खरा प्रश्न वेगळाच. या घरात आता कोणाची पद्धत चालणार? नव्या घरात पाऊल टाकलेल्या कुठल्याही सुनेला आणि तिथल्या जुन्या माणसांना हा सीन समजावून सांगायची गरज नाही!

पिंपभर गोडी, गद्दारीची किंमत

अर्कादी गायदार या लेखकाची 1933 मधली एक गोष्ट सोव्हिएत मुलांना पाठ होती. त्यात एक पोरगा शत्रूला मदत करतो, आणि बक्षीस काय घेतो? पिंपभर वारेन्ये आणि टोपलीभर बिस्किटं. आजही रशियन बोलण्यात ही जोडी म्हणजे फितुरीचा मोबदला. आपल्याकडे मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ प्रकाशनांची मराठीत आलेली गुळगुळीत कागदाची, स्वस्त पुस्तकं वाचून एक पिढी वाढली. सामोवार म्हणजे काय, दाचा म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक आहे. आई-बाबांना विचारून बघा!

दाचा म्हणजे शहराबाहेरचं छोटं घर आणि जमिनीचा तुकडा. सोव्हिएत काळात ठरलेलं माप होतं सहाशे चौरस मीटर. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैमध्ये रास्पबेरी आणि करंट, शेवटी सफरचंदं. उन्हाळा छोटा, हिवाळा लांबलचक, त्यामुळे आलेलं फळ बरणीत कोंबायची घाई. चेरीच्या बिया काढायला केसांची पिन! उकळत्या पाकावर येणारा गुलाबी फेस, म्हणजे आपल्या भाषेत मळी, आजी झाऱ्याने काढायची आणि बशी पोरांच्या पुढ्यात सरकवायची. त्या फेसाचंही नाव आहे, ‘पेन्का’. सर्दी झाली की रास्पबेरीचं वारेन्ये आणि गरम चहा, हा घरोघरचा उपाय.

आणि चहा? तो बऱ्याचदा आपला! सोव्हिएत युनियन भारतीय चहाचं मोठं गिऱ्हाईक होतं. हत्तीचं चित्र असलेल्या पाकिटात भारतीय आणि जॉर्जियन पत्तीचं मिश्रण यायचं. ते हाती लागलं तर लोक जपून ठेवायचे.

साखर गायब!

बरणी भरायला फळ दाचातून मिळेल, पण साखर? 1985 मध्ये गोर्बाचेव यांनी दारूविरोधी मोहीम काढली. व्होडका मिळेना, तशी लोकांनी घरीच दारू गाळायला सुरुवात केली. त्याला लागते साखर! दुकानांतून ती गायब झाली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अनेक शहरांत कूपनवर आली. बागेत फळ पिकून पडतंय आणि हातात कूपन मोजकंच, अशी पंचाईत.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पुढच्याच महिन्यात रशियन शहरांत लोक पुन्हा साखरेसाठी रांगेत उभे होते. दुकानांनी माणशी मर्यादा घातल्या, सरकारने ऑगस्टअखेरपर्यंत साखरेची निर्यात थांबवली. संकटाची चाहूल लागली की हात आधी साखरेकडे जातो, ही सवय आजी-आजोबांकडून आलेली. ज्या युक्रेनवर हल्ला झाला, तिथल्या स्वयंपाकघरांतही हाच पदार्थ होतो. तिथे त्याला म्हणतात ‘वारेन्न्या’.

ट्राय करायचंय?

रास्पबेरीसाठी अडून बसू नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी झकास. पद्धत आहे ‘प्यातिमिनूत्का’, म्हणजे पाच मिनिटांची.

* एक किलो लहान, घट्ट स्ट्रॉबेरी आधी धुवा, मगच देठ काढा. उलटं केलंत तर फळात पाणी शिरेल.
* स्टीलच्या पसरट पातेल्यात फळ आणि एक किलो साखर यांचे थर द्या. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी रसच रस. म्हणजे पाणी नको, सासूबाई जिंकल्या!
* मंद आचेवर उकळी आणा, पाच मिनिटं ठेवा, मळी काढा. चमच्याने ढवळू नका, पातेलं हलकेच हलवा.
* गॅस बंद. सहा-आठ तास पूर्ण गार होऊ द्या. असं एकूण तीनदा.
* शेवटच्या वेळी अर्ध्या लिंबाचा रस घाला. गार बशीवर थेंब टाका. पसरला नाही तर झालं. पसरला तर आणखी थोडं शिजवा.
* उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरण्यांत गरमच भरा. आपल्या हवेत बरणी फ्रिजमध्येच बरी.

हे थांबणं महत्त्वाचं का? घाईने दाट पाकात उकळलं की फळातलं पाणी एकदम बाहेर ओढलं जातं आणि ते आक्रसून चिवट होतं. थांबत थांबत केलं की साखर हळूहळू आत शिरते आणि फळ टपोरं राहतं. जुन्या घरांत यासाठी तांब्याची परात असायची. पण आंबट फळ तांब्यात ठेवून देणं धोक्याचं, तेव्हा स्टीलच वापरा.

सगळा हिशेब केला तर दोन दिवसांत गॅससमोर तुम्ही जेमतेम तासभर असता. शनिवार-रविवार आरामात जमेल. रशियात बरणी जुलैत भरतात आणि जानेवारीच्या बर्फात उघडतात. आपली स्ट्रॉबेरी येते थंडीत, त्यामुळे आपलं कॅलेंडर उलटं. फेब्रुवारीत भरा, एक बरणी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात लपवा, आणि जुलैत लोकल बंद पडून घरी अडकाल त्या दिवशी काढा. चहा मात्र बिनदुधाचा हं!