अम्मीच्या हातातलं काम काढून घेऊ नका

अम्मीला डिमेन्शिया आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून आम्ही तिची सगळी कामं आपल्याकडे घेतली. चहा हातात द्यायचा, कपडे घालायचे, घास भरवायचा. खिदमत करतोय याचं समाधान होतं. काही महिन्यांत अम्मी पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतःहून उचलेनाशी झाली. आजार वाढला, असं आम्ही समजलो. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टनी विचारलं, “यातलं त्यांना जमत नाही ते काय, आणि तुम्ही करू देत नाही ते काय?” आम्हाला उत्तर देता आलं नाही.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय?

आंघोळ, कपडे, जेवण, शौचाला जाणं ही रोजची कामं माणसाला होईल तितकी स्वतः करता यावीत, यासाठी दिली जाणारी ही थेरपी. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू केलं. आज भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. तरी या थेरपीबद्दल फार कमी घरांना माहिती आहे.

डिमेन्शियात बहुधा ताज्या गोष्टी आधी विसरतात. हाताला लागलेली जुनी सवय मात्र बराच काळ टिकते. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण भाकरी थापायला हात चालतात. माणूस अडतो तो एखाद्या पायरीवर. थेरपिस्ट ती पायरी शोधतात आणि मदत तेवढ्याच ठिकाणी द्यायला शिकवतात. वजू करताना अम्मी हात धुऊन झाले की थांबते. “अम्मी, आता कुल्ली,” एवढं म्हटलं की पुढचं हात आपोआप करतात.

घरी काय करता येईल?

• एका वेळी एकच छोटी सूचना द्या. मग थांबा, घाई करू नका.
• कपडे घालायच्या क्रमाने मांडून ठेवा.
• चहा करताना लागेल तेवढंच सामान समोर ठेवा. गॅसजवळ एकटं सोडू नका.
• संडासाच्या दारावर मोठं चित्र लावा, रात्री दिवा चालू ठेवा. न्हाणीघरात पकडायला दांडा आणि बसायला भक्कम स्टूल असू द्या.
• मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं अशी कामं द्या. घडी वाकडी आली तरी पुन्हा घालू नका.

फायदा किती?

नेदरलँड्समध्ये १३५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांत घरी दहा भेटी दिल्यावर रुग्णांची रोजची कामं सुधारली, सांभाळणाऱ्यांचा ताणही कमी झाला. पुढे इंग्लंडमध्ये मात्र तसाच फायदा दिसला नाही. आजार यानं बरा होत नाही, आणि डॉक्टरांची औषधं बंद करायची नाहीत. एकाएकी गोंधळ वाढला तर संसर्गही असू शकतो, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मुंबईत केईएम, नायर आणि सायन रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहे. इतर ठिकाणी सरकारी रुग्णालयात चौकशी करा. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे.

आमची अम्मी आता ग्लास स्वतः उचलते. थोडं पाणी सांडतं. आम्ही पुसतो.