क्रिब एक, पलंग चार, बिलं किती?

परदेशातला संसार : लेखांक ९

मागच्या आठवड्यात कार सीटच्या 'एक्स्पायरी'बद्दल लिहिलं होतं. आज बाळाच्या खोलीतल्या सगळ्यात मोठ्या वस्तूकडे, म्हणजे त्याच्या कठडेवाल्या क्रिबकडे, वळू.

अमेरिकेतल्या कुठल्याही बेबी स्टोअरमध्ये क्रिबच्या रांगेतून चक्कर मारा. जवळपास प्रत्येक खोक्यावर '३-इन-१', '४-इन-१', '५-इन-१' असं ठळक अक्षरांत छापलेलं दिसेल. म्हणजे आधी क्रिब, मग पुढची बाजू काढून टॉडलर बेड, मग दिवाणासारखा डेबेड आणि शेवटी मोठा 'फुल' पलंग. पाचवं रूप बहुतेकदा चौथ्यातूनच काढलेलं असतं : एकदा पायथ्याच्या फळीसह, एकदा तिच्याशिवाय. 'मूल कॉलेजला जाईपर्यंत दुसरा पलंग घ्यायला नको' असं दुकानदार म्हणतो आणि पहिलटकरीण व तिचा नवरा माना डोलावतात. एकदाच घ्यायचं, चांगलं घ्यायचं आणि वर्षानुवर्षं वापरायचं, हे आपल्या घरांत मुरलेलंच आहे. ही क्रिब त्याच जागी बरोबर हात घालते.

या चार रूपांपैकी खोक्यात सहसा दोन-अडीचच असतात. उरलेल्यांचे पैसे वेगळे, आणि ते नेमके अशा वेळी भरावे लागतात जेव्हा पलंगाचा विचार डोक्यात नसतो. शिवाय मुलाला कोणता पलंग हवा, हे तुम्ही ठरवत नाही. क्रिब ठरवते.

ते कसं, हे समजायला मापं बघावी लागतील. अमेरिकेतली पूर्ण मापाची क्रिब आतून २८ इंच रुंद आणि ५२ इंचांहून थोडी अधिक लांब असते. हे माप सरकारी नियमातच बांधून दिलेलं आहे. कंपनीला अर्ध्या-पाऊण इंचापलीकडे हलता येत नाही. आता क्रिबची मागची लांब बाजू डोळ्यांसमोर आणा. जाडीसकट ती ५४ इंचांच्या आसपास जाते. तिकडे अमेरिकन 'फुल' गादीची रुंदी आहे ५४ इंच. क्रिबची पाठ उचलून मोठ्या पलंगाच्या उशाला लावली की चपखल बसते, आणि या सगळ्या 'कन्व्हर्टिबल' धंद्याची किल्ली एवढीच आहे. 'ट्विन' म्हणजे एकट्याचा पलंग ३८ इंचांचा, त्याला ही फळी फार रुंद होते. 'क्वीन' ६० इंचांचा, त्याला ती अपुरी. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या पोराला, ज्याला ट्विन पुरून उरला असता, दोन माणसांचा पलंग मिळतो. पलंग मोठा म्हणून गादी मोठी, गादी मोठी म्हणून चादरी मोठ्या.

पहिलं रूपांतर मात्र खरोखर स्वस्त आहे, हे सांगायला हवं. टॉडलर बेडला क्रिबचीच गादी चालते, क्रिबच्याच चादरी चालतात. लागते ती फक्त पुढची बुटकी आडवी कठड्याची पट्टी, म्हणजे गार्डरेल. काही कंपन्या ती खोक्यातच देतात. बेबीलेट्टोची 'हडसन' हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. इतर कंपन्या तीच पट्टी ५० ते १०० डॉलरला वेगळी विकतात. अमेरिकन नियमांत टॉडलर बेडची मर्यादा ५० पौंड, म्हणजे २३ किलोच्या आत. मूल बालवाडी संपवेपर्यंत तो सहज चालतो. खरं तर बऱ्याच घरांत गाडी इथेच थांबते आणि ते शहाणपणाचंच आहे.

शेवटच्या रूपांतरापासून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला सुरू होतो. फुल पलंगासाठी लागणाऱ्या दोन लांब बाजूपट्ट्या, त्यांचे आधार आणि बोल्ट यांच्या संचाला 'कन्व्हर्जन किट' म्हणतात. त्याची किंमत साधारण १०० ते २०० डॉलर. दोन फळ्या आणि मूठभर नट-बोल्टसाठी ही रक्कम जास्त वाटते, पण कंपनीला ठाऊक असतं की तिच्या क्रिबच्या भोकांत दुसऱ्या कोणाची पट्टी बसणार नाही. भोकांमधलं अंतर कंपनीगणिक वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळं.

किमतीपेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. बाळ जन्मायच्या आधी क्रिब येते आणि किटची गरज तीन ते पाच वर्षांनी पडते. तोवर फर्निचर कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं असू शकतं. किंवा मॉडेल चालू असतं आणि रंग बदललेला असतो. तुमची क्रिब राखाडी, नव्या पट्ट्या जरा निळसर. मग लोक जुन्या किटसाठी वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात शोधाशोध करतात आणि तिथे ते मूळ किमतीहून महाग मिळतं. बाहेरचे काही सुतारी कारखाने जुन्या मॉडेलांसाठी पट्ट्या बनवून देतात, पण तोवर आपण गरजवंत झालेलो असतो आणि भाव करायची वेळ गेलेली असते.

आपल्याकडे आणखी एक गंमत होते. डोहाळजेवण आणि 'बेबी शॉवर' एकत्र करायची पद्धत आता इथल्या मराठी घरांत रुळली आहे. मित्रमंडळी वर्गणी काढून रजिस्ट्रीवरची, म्हणजे दुकानात नोंदवलेल्या भेटयादीतली, क्रिब भेट देतात. फोटो निघतात, कौतुक होतं. किट मात्र कोणी भेट देत नाही. दोन फळ्यांच्या चपट्या खोक्याबरोबर कोण फोटो काढणार? तर रजिस्ट्रीत ते स्वतःच टाकून ठेवा. बरीच दुकानं बाळंतपणाच्या तारखेच्या सुमारास रजिस्ट्रीत उरलेल्या वस्तूंवर १५ टक्क्यांपर्यंत सूट देतात. किट घ्यायचंच असेल तर घ्यायचा मुहूर्त तो.

आता गादी. ५४ बाय ७५ इंचांची बरी गादी २०० डॉलरच्या खाली क्वचितच मिळते. ३००-४०० सहज होतात. बऱ्याच किटमध्ये फक्त बाजूच्या पट्ट्या असतात, मधल्या आडव्या पट्ट्या नसतात, कारण खाली स्प्रिंगची पेटी, म्हणजे बॉक्स स्प्रिंग, येणार असं गृहीत धरलेलं असतं. फोमच्या गादीला आडव्या पट्ट्या किंवा सपाट फळी लागते. ती वेगळी. आणि हे सगळं घडतं मुलाची शू-शी अजून बेभरवशाची असताना, तेव्हा गादीवर जलरोधक कव्हर हवंच. एक अंगावर, एक धुण्यात, म्हणजे दोन.

एकदा कागदावर मांडून बघू. आकडे मधल्या भावाचे, अंदाजी. तुमच्या गावात थोडे वरखाली होतील. कन्व्हर्टिबल क्रिब ३५० डॉलर, गार्डरेल ७०, किट १४०, फुल गादी ३००, आडव्या पट्ट्या ६०, चादरी आणि कव्हर ८०. एकूण १,००० डॉलर. बऱ्याच राज्यांत वर विक्रीकर. दुसरीकडे साधी, न बदलणारी पण तितकीच सुरक्षित क्रिब १८०, नंतर साधा ट्विन पलंग १५०, त्याची गादी १८०, चादरी-कव्हर ६०. एकूण ५७०. क्रिबची छोटी गादी दोन्हीकडे लागतेच, म्हणून धरलेली नाही. साध्या क्रिबच्या सुरक्षिततेबद्दल शंका नको. स्वस्त असो की महाग, अमेरिकेत विकली जाणारी प्रत्येक नवी क्रिब त्याच सरकारी कसोटीतून जाते. गजांमधलं अंतर २ ३/८ इंचांपेक्षा जास्त नको, हा नियम १८० डॉलरच्या क्रिबलाही आहे आणि ८०० डॉलरच्याही.

या हिशेबात सगळ्यात मोठा छुपा खर्च अजून आलेलाच नाही : दुसरं बाळ. मुलाची उंची ३५ इंचांच्या आसपास गेली की त्याला क्रिबमधून बाहेर काढा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते आता कठडा ओलांडू शकतं. ही उंची साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते. बऱ्याच घरांत नेमक्या त्याच सुमारास धाकट्याची चाहूल लागते. थोरल्याच्या क्रिबचा पलंग केलात की धाकट्याला नवी क्रिब आली. साधी क्रिब असती तर ती सरळ धाकट्याकडे गेली असती आणि थोरल्याला दीडशे डॉलरचा पलंग. एकच वस्तू दोन मुलांना वारसाने जाणं हीच खरी काटकसर, आणि 'कन्व्हर्टिबल' तीच मोडते.

बरं, पलंग करून पुन्हा क्रिब करता येते ना? कागदोपत्री हो. पण पुढची जाळी आणि गादीखालची लोखंडी चौकट दरम्यान गॅरेजमध्ये उभी असते, बोल्टची पिशवी एका घरबदलात हरवते, आणि लाकडात बसवलेले धातूचे आटे पुन्हा पुन्हा पिळून सैल होतात. नोकरीपायी दर दोन वर्षांनी शहर बदलणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं; मऊ पाइन लाकडाच्या क्रिबला प्रत्येक सुटी-जोडणी जाणवते. हरवलेल्या बोल्टऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला 'तसाच दिसणारा' बोल्ट क्रिबला लावू नये. कंपनीकडूनच मागवावा. मोठ्या पलंगाची गोष्ट निराळी, पण क्रिबचा एक सैल सांधा म्हणजे बाळाचं डोकं अडकण्याएवढी फट.

याच कारणासाठी मराठी मंडळातल्या कोणाकडून जुनी क्रिब घेताना तिच्यावरचं लेबल वाचा. कंपनी, मॉडेल आणि बनवल्याची तारीख त्यावर असते. २८ जून २०११ पासून अमेरिकेत नव्या नियमात न बसणारी क्रिब विकायलाच बंदी आहे, वापरलेलीसुद्धा. बाजू खाली सरकणाऱ्या जुन्या क्रिब तेव्हाच बाद झाल्या. दहा वर्षांहून जुनी क्रिब वापरू नका, असा ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला आहे. नवी क्रिब घेतली की त्याच लेबलचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि खोक्यातलं नोंदणी कार्ड भरून पाठवा. किट शोधतानाही तोच मॉडेल नंबर लागतो आणि 'रिकॉल' निघाला तर कंपनी तुम्हाला कळवू शकते.

आणखी एक खर्च पलंगाच्या बिलात कधीच दिसत नाही. मूल कठड्याबाहेर आलं की पूर्ण खोली त्याची. मध्यरात्री ते उठून कपाटाचे खण पायऱ्यांसारखे चढू शकतं. म्हणून कपाट भिंतीला पट्टीने बांधणं, दाराला फाटक, सॉकेटला झाकणं, खिडकीला गज, हे पलंगाच्या आधी करायचं. कपाटं उलटून मुलं दगावण्याचे प्रकार इतके होते की २०२२ च्या शेवटी त्यासाठी वेगळा केंद्रीय कायदा झाला आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून बनणाऱ्या कपाटांना तो लागू आहे. तुमचं कपाट त्याआधीचं असेल तर भिंतीशी बांधणं तुमच्यावर. न्यूयॉर्क शहरात तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीतल्या भाड्याच्या घरात दहा वर्षं किंवा त्याखालचं मूल राहत असेल तर खिडक्यांना गज बसवून देणं घरमालकाला बंधनकारक आहे. ते मागून घ्या, स्वतःच्या खिशातून करू नका. मोठ्या पलंगाला बाजूला लावायचे सुटे कठडे मिळतात, पण ते दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असतात. त्याहून लहान बाळाला मोठ्या गादीवर ठेवून कठडा लावणं धोक्याचं. गादी आणि कठडा यांच्यामधल्या फटीत ते अडकू शकतं.

जागेचंही गणित आहे. क्रिब सव्वाअकरा चौरस फूट जमीन अडवते, फुल गादी अठ्ठावीस. दहा बाय दहाच्या खोलीत हा फरक खेळण्याच्या जागेतून जातो.

झोपेबद्दल एकच वाक्य : १८ ते ३६ महिन्यांच्या मुलांवरच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत पलंगावर झोपणाऱ्यांपेक्षा क्रिबमध्ये झोपणारी मुलं लवकर आणि कमी कुरकुर करत झोपतात असं पालकांनी सांगितलं, तेव्हा मूल कठडा चढत नाही तोवर घाई करू नका.

मग फुल पलंग कोणी घ्यावा? एका प्रकारच्या घराने जरूर घ्यावा, आणि ते घर बहुधा तुमचंच आहे. आजी-आजोबा व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतात, पाहुण्यांची वेगळी खोली नसते, आणि नातवंड आजीच्या कुशीशिवाय झोपत नाही. तिथे क्रिब तशीही कपड्यांच्या घड्यांनी भरलेली असते. त्या घरात ५४ इंचांचा पलंग दोघांच्या खऱ्या उपयोगाचा आहे. पण त्यासाठीसुद्धा तो क्रिबमधूनच उगवायला हवा असं नाही. साधा फुल पलंग, उशाच्या फळीसकट, २०० डॉलरच्या आसपास मिळतो.

भारतात परतण्याच्या विचारात असलेल्यांना एक सूचना. ५४ बाय ७५ हे माप पुण्या-मुंबईच्या गादीच्या दुकानात तयार मिळत नाही. आपल्याकडे डबल म्हणजे ४८ इंच आणि त्यावर थेट ६०. मापाची गादी करून मिळते, त्यात अडचण नाही, पण चादरीही शिवून घ्याव्या लागतील. कंटेनरमधली जागा दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

तेव्हा कन्व्हर्टिबल घ्यायचीच असेल तर किट त्याच दिवशी, त्याच रंगाचं, क्रिबसोबत मागवा आणि खोकं न फोडता पलंगाखाली सरकवा. ते जमत नसेल तर साधी क्रिब घ्या. पुढच्या आठवड्यात डे-केअरची प्रतीक्षायादी आणि परत न मिळणारी अनामत.