‘अंतर’ या शब्दाचे दोन अर्थ : क्राऊन-पिनियनच्या जुळणीवरून

तांत्रिक परिभाषेचा विचार करताना शब्द संस्कृत असावा की इंग्रजी, या प्रश्नापाशीच आपण बहुधा थांबतो. वस्तुतः त्याआधीचा प्रश्न निराळा आहे : वस्तूत ज्या दोन गोष्टी भिन्न आहेत, त्या आपल्या भाषेत भिन्न राहतात काय? मोटारीच्या मागील आसातील क्राऊन व पिनियन या दातेरी चक्रांची जुळणी हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण होय.

विलीज सीजे-3बी ही 1953 साली आलेली जीप घेऊ. भारतातही ती दीर्घकाळ तयार होत असे. तिच्या पिनियनला 8 आणि क्राऊनला 43 दाते असतात. म्हणजे पिनियन सुमारे 5.38 वेळा फिरते, तेव्हा क्राऊनचा एक फेरा होतो. ही चक्रे कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळविलेली असतात. म्हणून ती नेहमी जोडीनेच बदलतात.

जुळणी करणाऱ्याला दोन मापे साधावयाची असतात. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून किती दूर बसले आहे, हे पहिले. त्याला ‘खोली’ म्हणू. एकमेकांत गुंतलेल्या दातांत किती हालचाल उरली आहे, हे दुसरे, ती ‘मोकळीक’. पहिले माप पिनियनच्या बेअरिंगपाशी घातलेल्या शिमांनी, म्हणजे पातळ पोलादी चकत्यांनी, बदलते. दुसरे मुख्यतः क्राऊन एका बाजूस सरकवून. पुष्कळ मोटारींत मोकळीक 0.15 ते 0.25 मिलिमीटर ठेवतात.

मराठी पुस्तिकेत या दोहोंना ‘अंतर’ हा एकच शब्द वापरला, तर ‘अंतर कमी करा’ या आज्ञेचा अर्थ काय घ्यावयाचा? पिनियन पुढे आणावे, की क्राऊन त्याच्याजवळ न्यावे? मोकळीक मर्यादेत असूनही खोली चुकलेली असू शकते. अशा वेळी भार दाताच्या अरुंद पट्ट्यावर येतो. आस घुमू लागतो आणि अखेरीस दात झिजतो वा तुटतो. उलट मोकळीक फारच कमी ठेवली, तर दातांमधील तेलाचा थर टिकत नाही व चक्रे तापतात.

चिन्हेही अशीच फसवी असतात. पिनियनच्या टोकावर कधी ‘+3’ असे कोरलेले आढळते. याचा अर्थ तीन सहस्रांश इंच शिम वाढवावी असा नव्हे. पिनियन तेवढे दूर राहावे असा आहे. सबब या आसात शिम तितकीच कमी करावी लागते.

अंतिम निर्णय मात्र दातांवरील खुणेने होतो. क्राऊनच्या चार-सहा दातांना रंगलेप लावून, चक्राला किंचित अडवून, ते दोन्ही दिशांनी फिरवितात. खूण दाताच्या मुळाशी उमटली, तर पिनियन फार आत आहे. माथ्याशी उमटली, तर फार बाहेर. दाताच्या लांबीत ती एका टोकास गेली, तर प्रथम मोकळीक पाहावी. खोली बदलली की मोकळीकही बदलते. म्हणून प्रत्येक फेरफारानंतर दोन्ही पुन्हा तपासणे अवश्य आहे.

कारागीर ‘प्ले’ म्हणतो, आपण ‘मोकळीक’ म्हणू. त्याने काही बिघडत नाही. मात्र ज्या दोन गोष्टी त्याचे हात वेगळ्या ओळखतात, त्या परिभाषाकाराने एका शब्दात कोंबल्या, तर चूक कागदावर होते आणि दात आसात तुटतो.