मागणीनुसार डायल-अप जोडणी

मागणीनुसार डायल-अप जोडणी अथवा डायल-ऑन-डिमांड ही संगणकाने गरज पडताच स्वतः दूरध्वनी लावून इंटरनेटशी जोडून घेण्याची व वापर थांबल्यावर जोडणी तोडण्याची पद्धत आहे. लिनक्स, फ्रीबीएसडी इत्यादी युनिक्ससदृश प्रणालींवर ती विशेष प्रचलित होती.

पार्श्वभूमी

विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. खाती ठरावीक तासांच्या मर्यादेने विकली जात. शिवाय दूरध्वनीचे शुल्क वेगळे भरावे लागे. सेवादात्याचा क्रमांक स्थानिक नसल्यास एसटीडीचा दर लागू होई. जोडणी चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनीही अडकून राही. त्यामुळे जोडणी केव्हा सुरू व्हावी आणि केव्हा तुटावी, हा प्रश्न थेट घरखर्चाशी निगडित होता. विद्यार्थ्यांमध्ये रूढ असलेल्या, केवळ मजकूर दाखवणाऱ्या शेल खात्यावर ही पद्धत थेट चालत नसे. त्यासाठी टीसीपी/आयपी खाते आवश्यक असे.

कार्यपद्धती

पीपीपीडी या आज्ञावलीत 'डिमांड' हा पर्याय दिल्यास ती दूरध्वनी न लावताच जाळ्याचा दुवा तयार ठेवते. एखादे पॅकेट त्या दुव्याकडे आले की 'चॅट' ही आज्ञावली मोडेमला क्रमांक फिरवण्यास सांगते. टोन पद्धतीसाठी एटीडीटी, तर जुन्या पल्स पद्धतीच्या एक्स्चेंजसाठी एटीडीपी ही आज्ञा वापरतात. ओळख पटल्यावर थांबलेली पॅकेटे पुढे पाठवली जातात. फ्रीबीएसडीच्या पीपीपी आज्ञावलीत हेच काम 'ऑटो' पद्धतीने होते. लिनक्सवर त्यासाठी डायाल्ड ही स्वतंत्र आज्ञावलीही उपलब्ध होती.

सेवादाता प्रत्येक वेळी नवा आयपी पत्ता देत असल्यास पहिल्या पॅकेटावर जुनाच पत्ता राहतो आणि ते संभाषण अडते. यावर उपाय म्हणून लिनक्सच्या गाभ्यात 'आयपी_डायनअ‍ॅडर' ही सोय आहे.

नियंत्रण

संगणकाला वापरकर्त्याची गरज आणि पार्श्वभूमीतील किरकोळ वाहतूक यांतील फरक आपोआप कळत नाही. टपाल आज्ञावलीने केलेली नावाची चौकशी किंवा घड्याळ जुळवण्याची विनंती यांमुळेही, घरी कोणी नसताना, दूरध्वनी लागू शकतो. म्हणून पुढील पर्याय महत्त्वाचे ठरतात:

- आयडल: ठरवलेले सेकंद वाहतूक न झाल्यास जोडणी तोडतो. ही मुदत फार कमी ठेवल्यास वाचन चालू असतानाच जोडणी तुटते आणि प्रत्येक नव्या कॉलला किमान एका पल्सचे शुल्क पडते.
- अ‍ॅक्टिव्ह-फिल्टर: कोणती वाहतूक 'वापर' मानावी हे ठरवतो. वगळलेल्या पॅकेटांमुळे जोडणी सुरू होत नाही, लांबतही नाही.
- होल्डऑफ: जोडणी तुटल्यावर पुन्हा क्रमांक फिरवण्यापूर्वीचा विराम ठरवतो.

जोडणी होताच 'आयपी-अप' ही संचिका चालते. बाहेर जाणारी पत्रे साठवून तिच्याद्वारे एकदम पाठवल्यास अनेक कॉल वाचतात. नावांच्या चौकशीची उत्तरे घरच्याच संगणकावर साठवल्यासही अनावश्यक कॉल टळतात.

सद्यस्थिती

भारत संचार निगम लिमिटेडने २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा आणल्यानंतर सतत चालू राहणारी जोडणी घरोघरी रूढ होऊ लागली आणि या पद्धतीची गरज घटली. तरीही वापराच्या प्रमाणात शुल्क लागणाऱ्या मोबाइल व उपग्रह जोडण्यांवर कोणत्या वाहतुकीला वाट द्यावी, हा मूळ प्रश्न कायम आहे.